मरीन टँकमध्ये इच आला: औषध कुठे द्यायचं आणि किती दिवस

धुळ्याहून एका भावाने विचारलं आहे. घरी 200 लिटरचा मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, टँक आहे, सहा महिन्यांचा. त्यात दोन क्लाउन, एक क्लीनर श्रिम्प, थोड्या गोगलगायी आणि लाइव्ह रॉक, म्हणजे उपयोगी जिवाणू वसलेले समुद्री दगड. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईहून तीन इंची ब्लू टँग आणला आणि त्याच दिवशी टँकमध्ये सोडला. आता टँगच्या अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे दाणे दिसतात, तो दगडाला अंग घासतो, पण खाणं चालू आहे. क्लाउनच्या अंगावर काही नाही. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आहे, आणि गोल्डफिशला करतात तसं पाणी 32 अंशांवर न्या असंही कुणी सांगितलं आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की औषध टँकमध्ये किती टाकू?

भाऊ, टँकमध्ये एक थेंबही टाकू नका, आणि पाणी तापवू नका. मासे वाचतील, वेळ आहे, कारण टँग अजून खातो आहे. पण उपचार टँकच्या बाहेर करायचा आहे, तिन्ही माशांवर करायचा आहे, आणि मोठा टँक त्या काळात माशांविना ठेवायचा आहे. असं का, ते समजून घ्या. ते समजलं नाही तर आठव्या दिवशी दाणे गेलेले पाहून तुम्ही मासे परत सोडाल आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

तुम्ही वर्णन केलंय तो मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. गोल्डफिशला होणारा इच दिसायला असाच, पण जीव वेगळा आहे. गोड्या पाण्यात तापमान वाढवून आणि मीठ टाकून जो उपाय होतो तो इथे चालत नाही, कारण हा समुद्रातलाच जीव आहे आणि 25 ते 30 अंशांत मजेत वाढतो. 32 अंशांवर नेलंत तर नुकसान माशाचंच होईल. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि इचने कल्ले आधीच पोखरलेले असतात. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यात टँक तापवायला हीटरची गरजच नसते, तो 26 वर ठेवताना नाकी नऊ येतात.

आता त्याचा फेरा बघा. जो दाणा दिसतो तो माशाच्या कातडीच्या आत, वरच्या थराखाली बसून खात असतो. तिथे तो तीन ते सात दिवस राहतो. आत बसलेला असल्यामुळे त्याला ना औषध लागतं, ना गोड्या पाण्याची डुबकी. क्लीनर श्रिम्पही त्याला टिपू शकत नाही. श्रिम्प आहे म्हणजे इच जाईल, हा समज सोडून द्या. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात, आणि वाळूवर, दगडावर, काचेवर, पंपाच्या आत कुठेही चिकटून स्वतःभोवती कोश करतो. त्या कोशात तो फुटत फुटत दोनशेच्या घरात पिल्लं तयार करतो. कोश कधी तीन दिवसांत उघडतो, कधी चार आठवड्यांनी. 72 दिवसांनंतरही कोश उघडल्याची शास्त्रीय नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात.

कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध काय, किंवा कमी क्षाराचं पाणी काय, या पोहणाऱ्या पिल्लांवर आणि नुकत्या सुटलेल्यांवरच काम करतं. म्हणून दाणे दिसेनासे झाले याचा अर्थ रोग गेला असा नाही, परजीवी माशावरून उतरून खाली कोशात गेला एवढाच. तुमच्या क्लाउनवर काही दिसत नाही, पण कल्ल्यांत असू शकतं. क्लाउनच्या अंगावर बुळबुळीत आवरण जाड असतं, टँगचं पातळ, म्हणून टँगवर पहिले दाणे दिसतात. तिन्ही मासे बाहेर काढायला सांगतो ते यासाठी.

तुम्हाला दुकानात मासा स्वच्छ का दिसला, याचंही उत्तर द्यायला हवं, कारण बरेच जण दुकानदाराने फसवलं असं धरून बसतात. बऱ्याच दुकानांत एकाच पाण्यावर सगळे टँक चालतात आणि त्या पाण्यात क्षार मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कधी थोडं कॉपरही असतं. त्यामुळे परजीवी दबलेला राहतो, मरत नाही. मग मासा पिशवीत बसून रातोरात प्रवास करतो, दमतो, तुमच्या पूर्ण क्षाराच्या पाण्यात येतो आणि दहा-बारा दिवसांत दाणे उमटतात.

उपचाराआधी रोगाची खात्री करा. खोलीतले दिवे बंद करून बाजूने टॉर्च मारा. दाणे मोजता येतील असे, सुटे सुटे असतील तर इच. अंगावर पावडर शिंपडल्यासारखी बारीक, किंचित सोनेरी-करडी साय दिसली, मासा खाणं सोडून पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड धरून उभा राहिला, उजेड टाळू लागला, तर तो व्हेल्वेट, म्हणजे अमायलोऊडिनियम हा दुसरा परजीवी. त्यात दोन दिवसांत टँक रिकामा होतो, विचार करत बसायला वेळ नसतो. नव्या क्लाउनच्या अंगावरून पांढऱ्या सालपटासारखी बुळबुळ सुटत असेल तर ब्रूकलिनेला, हाही एक परजीवी. त्याच्यावर कॉपर चालत नाही, तिथे फॉर्मेलिनचं मोजून केलेलं स्नान लागतं. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे, म्हणून ते जाणत्या माणसाशिवाय हाताळू नका. डोळे धुरकट झाले, मासा सारखा झटके देतो पण दाणे नाहीत, तर कल्ल्यांवरचे किंवा कातडीवरचे चपटे कृमी, ज्यांना फ्लूक म्हणतात. आणि परांच्या कडेला फुलकोबीसारखे गोळे असतील तर तो लिम्फोसिस्टिस. तो विषाणू आहे, परजीवी नाही, त्याला औषध नको, चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की बहुधा आपोआप जातो.

याशिवाय श्वास मोजा. मासा शांत असताना घड्याळ लावून मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते पाहा. शंभराच्या वर गेलं तर अंगावर काही दिसो न दिसो, कल्ल्यांत काहीतरी बसलंय असं धरा. हा आकडा रोज सकाळी दिवे लावण्याआधी लिहून ठेवा. दाण्यांपेक्षा या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे.

तुमचं वर्णन इचचं आहे. त्यासाठी तीन रस्ते आहेत: टब बदलणं, क्षार उतरवणं आणि कॉपर. तुमच्या जागी मी टब बदलण्याचा रस्ता धरेन. औषध नाही, महागडी टेस्ट किट नाही, माशांच्या घाणीतून साठणाऱ्या अमोनियाची डोकेदुखी नाही. फक्त मीठ आणि शिस्त लागते.

चाळीस-पन्नास लिटरचे दोन स्वच्छ प्लास्टिक टब घ्या, साबणाला कधी न लागलेले. दोन एअर पंप, दोन एअर स्टोन, दोन जाळ्या, म्हणजे प्रत्येक टबाची वस्तू वेगळी. माशांना लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी टाका. आपल्याकडे जळगावात पाइपांची काय कमी, तुकडे कुठेही मिळतात, पण नवे आणि धुतलेले घ्या. तळाला वाळू नको, दगड नको. पहिल्या दिवशी तिन्ही मासे पहिल्या टबात. 72 तासांच्या आत, म्हणजे चौथ्या दिवशी, त्यांना नव्या पाण्याच्या दुसऱ्या टबात हलवायचं. सातव्या दिवशी पुन्हा पहिल्यात, दहाव्या दिवशी दुसऱ्यात, तेराव्या दिवशी बाहेर. दर वेळी जुनं पाणी पूर्ण फेकायचं, आणि टब, पाइप, स्टोन, जाळी सगळं धुऊन गच्चीवर कडकडीत उन्हात ठेवायचं. कोश पूर्ण वाळला की मरतो, आणि त्या कामाला आपल्याकडचं ऊन उत्तम आहे. मात्र एअर पंपाची नळी आतून ओली राहते, तिच्याकडे लक्ष द्या. शक्य असेल तर नळी आणि स्टोन दर वेळी नवेच वापरा, ते स्वस्तात मिळतात.

यामागचा हिशेब सोपा आहे. माशावरून उतरलेल्या परजीवीला कोश उघडून पिल्लं सोडायला कमीत कमी तीन दिवस लागतात. त्याआधीच मासा दुसऱ्या टबात गेलेला असतो, आणि सात दिवसांत माशावरचा प्रत्येक परजीवी कधी ना कधी उतरतोच. म्हणून 72 तास म्हणजे 72 तास. लग्नाला जायचंय म्हणून एक दिवस पुढे ढकलला की तो फेरा वाया गेला असं समजा. चार वेळा चाळीस लिटर म्हणजे 160 लिटर पाणी, त्याला साधारण सहा किलो समुद्री मिश्रणाचं मीठ लागेल. खाण्याचं मीठ चालत नाही. नवं पाणी आदल्या दिवशी ढवळून, हवा सोडून तयार ठेवा, आणि क्षार, तापमान जुन्या टबाशी जुळवा. पाणी आरओचंच घ्या. बोअरचं क्षाराचं पाणी या कामाला नको.

टँगबरोबर फ्लूक आले असण्याची शक्यता मी नेहमी धरतो. दुसऱ्या आणि चौथ्या पाण्यात प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध दिलं तर तेही काम होऊन जातं. मात्रा लिटरला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरला 100 मिलिग्रॅम. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, थोड्या पाण्यात नीट घोटून मग टाका. ते कृमीच्या अंड्यांवर चालत नाही, म्हणून दुसऱ्यांदा द्यावं लागतं. गोळ्या घेण्याआधी पशुवैद्यकाला विचारा, कारण चवीसाठी काही मिसळलेल्या गोळ्यांनी पाणी खराब होतं.

क्षार उतरवण्याचा मार्ग खर्चाला हलका आहे. वेगळ्या टँकमध्ये दोन दिवसांत हळूहळू पाणी 1.009 घनतेवर आणायचं, शेवटचा दाणा गेल्यापासून 30 दिवस तिथेच ठेवायचं, आणि मग आठवडाभरात सावकाश परत वर न्यायचं. माशांना हे झेपतं, श्रिम्प आणि गोगलगायींना झेपत नाही. पण यात एक मोठी अडचण आहे. 1.009 म्हणजे 1.009. पाणी 1.011 वर सरकलं की परजीवी तगून जातो. तरंगता हायड्रोमीटर इथे कामाचा नाही, थेंबातून क्षार मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरच लागतो, आणि तोही 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षाराच्या) द्रावणाने जुळवलेला. शिवाय कमी क्षाराला न जुमानणाऱ्या इचच्या जाती सापडलेल्या आहेत, आणि व्हेल्वेटवर हा उपाय अजिबात चालत नाही. निदानात शंका असेल तर या वाटेला जाऊ नका.

कॉपरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त मासे याच औषधाच्या चुकीच्या वापराने मरताना पाहिले आहेत. व्हेल्वेट असेल तर कॉपरच, दुसरा विचार नको. पण कॉपर मुख्य टँकमध्ये कधीही नाही. श्रिम्प, गोगलगायी, प्रवाळ त्याने मरतात, आणि लाइव्ह रॉक व प्रवाळाची वाळू ते शोषून घेते. त्यामुळे पाण्यातली मात्रा टिकत नाही, आणि पुढे कधीतरी तेच कॉपर परत सुटण्याची धास्ती कायमची राहते.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास येतो: कृषी सेवा केंद्रात मोरचूद मिळतं, बोर्डो मिश्रणाला वापरतो तेच, ते चालेल का? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, आणि औषधही तेच आहे. पण शेतीच्या मालात दुसरं काय मिसळलंय ते कळत नाही, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी म्हणजे मोरचूद नव्हे. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं पेंटाहायड्रेट घ्या. त्यात वजनाच्या साधारण 25 टक्के कॉपर असतं. 4 ग्रॅम मोरचूद 1 लिटर आरओ पाण्यात विरघळवलं की त्या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम कॉपर येतं. 60 लिटरच्या टँकला 12 मिलिलिटर टाकलं की 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटर झालं. पाहिजे ती मात्रा 0.15 ते 0.20. त्याखाली परजीवी मरत नाही, 0.25 च्या वर मासा सोसत नाही. इचसाठी हे 12 मिलिलिटर दोन दिवसांत चार हप्त्यांत टाका. व्हेल्वेटसाठी एका दिवसात. मग सकाळ-संध्याकाळ किटने मोजत 30 दिवस ती मात्रा टिकवायची, कारण साधं कॉपर पाण्यातल्या क्षारांबरोबर तळाला बसत राहतं. बाजारात मिळणाऱ्या चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेल्या कॉपरचा आकडा वेगळा आहे, तो 2 च्या आसपास असतो, बाटलीवर लिहिलेला असतो. त्याला 0.2 चा आकडा लावला तर उपचार होतच नाही, आणि मोरचुदाला 2 चा आकडा लावला तर मासे हातचे गेले. कॉपर चालू असताना अमोनिया बांधून टाकणारी द्रावणं टाकू नका. त्यांनी कॉपरचं रूप बदलून ते माशाला जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात आधीच तेवढीच कॉपरची मात्रा घालून घ्या. स्पंज फिल्टर सम्पमध्ये (मोठ्या टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) नेहमी एक पडून असावा, तो अशा वेळी लागतो. या वेळी मात्र तुमच्या सम्पमधला स्पंज घेऊ नका, त्यावर कोश असणार.

खानदेशातल्या उन्हाळ्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. टबावर टेबल फॅन लावला की आपल्या कोरड्या हवेत पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरतं. चिलर नसलेल्या घरात मीही हेच करायला सांगतो. पण पाणी तितक्याच वेगाने उडतं. चाळीस लिटरच्या टबातून दिवसाला दीड-दोन लिटर गेलं की क्षार चार-पाच टक्क्यांनी चढतो, आणि कॉपर असेल तर तेही चढतं. पहिल्याच दिवशी टबाला बाहेरून मार्करने पाण्याची रेघ मारा, आणि दिवसातून दोनदा त्या रेघेपर्यंत साधं आरओ पाणी भरा, मिठाचं नाही. कूलरचा झोत थेट टबावर येऊ देऊ नका. वीज गेली तर पाच मिनिटांत धावपळ करायची वेळ येते, म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवा. कल्ले खराब झालेला मासा बंद पाण्यात तासभरही काढत नाही.

आणि हे टब मोठ्या टँकपासून दूर ठेवा. व्हेल्वेटची पिल्लं पाण्याच्या तुषारांबरोबर हवेतून तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं प्रयोगात दिसलं आहे. मधे पंखा फिरत असेल तर तो एका टँकचे तुषार दुसऱ्यावरच नेतो. जमत असेल तर दुसरी खोली. आधी निरोगी टँकचं काम उरका, मग आजारी टबात हात घाला.

तुमची निळी बाटली बहुधा मिथिलिन ब्लूची आहे. ती इच मारत नाही, लाइव्ह रॉक मात्र रंगवते आणि त्यावरचे उपयोगी जिवाणू मारते. आधीच काही थेंब टाकले असतील तर सक्रिय कोळसा लावून पाणी साफ करून घ्या. लसणाने मासा जरा जास्त खातो, चांगलं आहे, द्या, पण ते औषध नव्हे. यूव्हीने पाण्यातली काही पिल्लं मरतात, कोशाला काही होत नाही.

आता मोठा टँक. मासे काढल्या दिवसापासून 76 दिवस त्यात एकही मासा नको, अगदी छोटा डॅमसेलही नको. श्रिम्प, गोगलगायी, लाइव्ह रॉक तिथेच राहू द्या, त्यांच्यावर इच जगत नाही. पंप, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), दिवे नेहमीसारखे चालू, तापमान 26-27. श्रिम्पसाठी दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूही जिवंत राहतील. कुणी सांगेल की लाइव्ह रॉक फेकून नवा आणा. तसं करू नका. त्याची गरज नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, तिथून तोडलेला दगड घरात आणणं हा गुन्हा आहे.

तेराव्या दिवसानंतर मासे कुठे ठेवायचे? एक साधा 80-100 लिटरचा टँक, नवा किंवा पूर्ण वाळवलेला, स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे तुकडे आणि झाकण. त्यात मासे पूर्ण क्षाराच्या पाण्यात उरलेले दोन महिने राहतील. सुरुवातीला फिल्टर कच्चा असेल, म्हणून पहिले तीन आठवडे रोज अमोनिया मोजा आणि आकडा दिसला की त्याच दिवशी पाणी बदला. टँगला रोज समुद्री शेवाळाची पट्टी द्या, क्लाउनना थोडं थोडं दोनदा. पुढचा मासा आणाल तेव्हा हाच टँक कामाला येईल, आधी इथे टब बदलण्याचा फेरा, मग महिनाभर नजर, मग मोठा टँक. मासे परत सोडल्यावर श्रिम्प किंवा प्रवाळ विकत घेतलंत तर तेही माशांविना वेगळ्या पाण्यात 76 दिवस ठेवावं लागेल, कारण दुकानात ते माशांच्याच पाण्यात असतं आणि त्याच्या दगडावर किंवा कवचावर कोश चिकटून येऊ शकतो.

आज रात्री पाणी कालवून ठेवा आणि उद्या सकाळी तिन्ही मासे बाहेर काढा. टँग दगडाच्या फटीत जाऊन बसेल, त्याच्यामागे जाळी घेऊन अर्धा तास पळू नका. दगड उचलून बादलीत ठेवा, पाणी अर्धं उतरवा, आणि मग त्याला प्लास्टिकच्या डब्यात घ्या. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हातही कापतो.